हिवरतळचे एकशे बारा

"सगळे माझ्याकडेच बघतायत," रिसबूड मास्तर म्हणाले.

हात मागे बांधून ते टेबलावर वाकले होते. त्यांच्या नाकासमोर हिवरतळ स्टेशनचा फलाट होता, लांबी दोन हात. फलाटावर मी दोन महिने खपून रंगवलेली एकशे बारा माणसं उभी होती. एकेक माणूस तांदळाचे तीन दाणे एकावर एक उभे केले तर होईल तेवढा उंच. मी मास्तरांच्या शेजारी उभी राहून शाबासकीची वाट बघत होते.

"छान दिसतायत ना?"

"गाडी तिकडून येणार." त्यांनी डावीकडच्या वळणाकडे बोट केलं. रूळ तिथे कागदी डोंगराला वळसा घालून नाहीसे होत होते. "आणि ही मंडळी इकडे बघतायत. एकाचंही गाडीकडे लक्ष नाही. मी काय यांचं घोडं मारलंय?"

मी हसले. मास्तर हसले नाहीत. ते एक पाऊल डावीकडे सरकले, मग दोन पावलं उजवीकडे.

"जाईन तिकडे बघतात."

मग ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"डोळे पुसून टाक, कुमुद. सगळ्यांचे."

"पुसता येत नाहीत."

"का? रंगच आहे ना?"

रंगच होता.

*

क्र. ७९. म्हातारी, नाव सोनकाई. रोज माहेरी जायला येते. गाडी आली की घरी परत जाते. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं.

*

ही ओळ मास्तरांच्या यादीतली. अशा एकशे बारा ओळी होत्या, रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, तिरप्या अक्षरात. तीस वर्षं झाली तरी कागद माझ्याकडे आहेत. यादीचा क्रम मास्तरांचा, गोष्टीचा क्रम माझा, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. जुळवत बसले तर गोष्ट राहील.

मास्तर निवृत्त होऊन पेणला आमच्या आळीच्या टोकाला राहायला आले होते. हिवरतळ हे त्यांचं छोट्या गाडीच्या लाईनवरचं स्टेशन. लाईन बंद पडली, रूळ उखडले गेले, स्टेशनात आता शेळ्या बसतात, असं ते सांगायचे. पुढच्या खोलीत दोन जुनी दारं आडवी टाकून त्यांनी ते स्टेशन पुन्हा उभं केलं होतं. पाण्याची टाकी, घंटा, कडुनिंब, सगळं होतं. माणसं नव्हती.

माणसं त्यांच्या भाच्याने जर्मनीहून पाठवली. प्लॅस्टिकची, पांढरी, कोरी, एकशे वीस. मास्तरांनी खोका आमच्या कारखान्यात आणून माझ्यापुढे उघडला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. सगळे साहेब. डोक्यावर हॅटी, अंगात लांब कोट, बायकांचे झगे गुडघ्यापर्यंत. एका बाईच्या हातात दोरीला बांधलेलं कुत्रं.

"यांना हिवरतळचे करायचं," मास्तर म्हणाले. "जमेल?"

"कुत्रं तसंच चालेल."

"कुत्रं चालेल. त्याचं नाव मेल."

*

क्र. १०३. कुत्रं. नाव मेल. कारण वेळेवर येतं.

*

कानस घेऊन मी हॅटी घासल्या. लाकडातल्या फटी बुजवायच्या लांबीच्या कणाएवढ्या गोळ्यांचे फेटे केले. पतंगाचा कागद डिंकात बुडवून झग्यांवरून निऱ्या घातल्या. एका साहेबाच्या हातात सिगार होता, त्याची मी बासरी केली. मास्तर म्हणाले, हिवरतळला बासरीवाला कोणी नव्हता. मग विडी केली. प्रत्येकाला काडेपेटीवर चिकटवायचं, पेटी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, आणि श्वास सोडता सोडता कुंचला लावायचा. श्वास घेताना लावला की सांडलं.

यादीच्या पहिल्या पानावर वरती, अधोरेखित: *डोळे नकोत. तीन फुटांवरून माणसाचे डोळे दिसत नाहीत. भिवईखाली सावली पुरे.*

मी ती ओळ वाचली होती. वाचली नव्हती असं सांगणार नाही.

*

आता आमच्या घराचं.

आमचा गणपतींचा कारखाना. शाडूची मूर्ती, साच्यातून निघाली की आई आणि मी हातपाय साफ करायचो, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने. डोळे आप्पा करायचे. फक्त आप्पा. माझे वडील. आषाढात ते एकेक मूर्ती समोर घेऊन बसायचे आणि आखणी सुरू झाली की घरात कोणी भांडं आपटायचं नाही. एकदा डोळे उघडले की पुसायचे नाहीत, हा आमच्या कारखान्याचा नियम. आखणी फसली तर मूर्ती पाण्यात, पाण्यातून पुन्हा मातीत. पुसून वर दुसरे डोळे करायचे म्हणजे, आप्पा म्हणायचे, "एकाला आंधळा करून दुसऱ्याला बसवल्यासारखं."

आणि डोळे झाले की पारख. आप्पा मूर्तीसमोर उभे राहून डावीकडे झुकायचे, उजवीकडे झुकायचे. नजर सोबत आली पाहिजे. "समोर जो येईल त्याला वाटलं पाहिजे, हा माझ्याकडे बघतोय. लाकडाचा दलाल आला तरी."

मला आखणी करायची होती. अठराव्या वर्षापासून मागत होते, तेव्हा बाविसावं चालू होतं. दर वर्षी उत्तर एकच.

"हात स्थिर होऊ दे."

"झालाय."

"कोण म्हणतं?"

"मी."

"दुसऱ्या कोणी म्हटलं पाहिजे ना, कुमे."

*

वर मी लिहिलं की शाबासकीची वाट बघत होते. ते अर्धंच खरं. मास्तरांनी आळीतून चालत आमच्याकडे यावं आणि म्हणावं, आप्पा, तुमच्या पोरीचा हात स्थिर आहे, याची मी वाट बघत होते. म्हणून डोळे केले. कुंचल्याचे तीन केस ठेवून बाकीचे कापले. एक पांढरी रेघ, मधे काळा ठिपका. पुन्हा एक पांढरी रेघ, मधे काळा ठिपका. एकशे बारा जोड्या, कुत्र्यासकट.

एकेकाला तोंडासमोर धरून केले, आणि मला डोळ्यांची एकच रीत माहीत होती. समोर जो येईल त्याच्याकडे.

*

क्र. ३४. कुंभार, मडकी नऊ. दहावं नेहमी चढताना फुटतं.

*

मास्तर खरंच आळीतून चालत आले. हातात पेढ्यांचा खोका होता, त्यात कापसावर आडवी पडलेली बारा माणसं. मी मागे, चप्पल घालायचीही राहिली होती.

आप्पा चाळणीने माती चाळत बसले होते.

"आप्पा, तुमच्या मुलीने माझ्या पॅसेंजरांचे देव केलेत."

"बसा मास्तर. अगं, चहा टाक."

"चहा नको. हे बघा. हिने यांचे डोळे रेखलेत."

चाळणी थांबली.

"कोणी?"

"हिने."

आप्पांनी हात धोतराला पुसले. खोका घेऊन दाराशी गेले, उजेडात. एक माणूस चिमटीत धरून त्यांनी आधी नाकाशी नेला, मग हात लांब केला, मग पुन्हा नाकाशी. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी दुसरा माणूस उचलला.

"किती केलेस?"

"एकशे बारा."

"फसले किती?"

"तीन."

"त्यांचं काय केलंस? पुसलेस?"

"नाही. ते जादाचे होते. गाडीच्या डब्यात बसवले, खिडकीकडे पाठ करून."

आईला हसू आलं. आप्पांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण मास्तर उभे होते.

"मी पुसायला सांगितलं तर ही म्हणते, पुसता येत नाहीत. आप्पा, हे देव नाहीत. हा बघा, हा हमाल दशरथ. हा तंबाखू मागायचा माझ्याकडे."

"हमाल असू दे," आप्पा म्हणाले. "डोळे उघडलेत ना त्याचे? मग पुसायचे नाहीत."

"मग मी यांना फलाटावर ठेवू शकत नाही."

"का ओ? चांगले दिसत असतील ना?"

मास्तर मातीच्या पिंपावर बसले. पांढरी पँट मातीने भरली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आईने न विचारता चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला.

"असेच बघत होते," ते म्हणाले.

*

क्र. ५८. शाळामास्तर गुरव. छत्री. हाच पहिला बोलला.

*

मास्तर म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत देते. त्यात माझं काही नाही.

"लाईन बंद करायचा हुकूम माझ्याकडे बारा दिवस आधी आला होता. वरून सांगितलं होतं, कोणाला बोलू नका, गर्दी होते. मी बोललो नाही. शेवटच्या दिवशी लोकांना कुठून तरी कळलंच. सगळं गाव फलाटावर. ओरडाआरडा नाही, काही नाही. नुसते उभे. गुरव मास्तरांनी विचारलं, साहेब, परत चालू होईल ना? तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडी येत होती, आवाज ऐकू येत होता, आणि एक माणूस तिकडे बघत नव्हता. मी म्हटलं, होईल, पावसाळा संपू दे. मग बावटा दाखवला.

"पुढच्या आठवड्यात माझी बदली झाली. पावसाळ्यानंतर त्यांनी काय केलं असेल मला माहीत नाही. सोनकाई येऊन बसली असेल.

"मी ते टेबल कशासाठी केलं? तर गाडी येतेय, आणि लोक गाडीची वाट बघतायत. एवढंच. माझी नाही, गाडीची."

चहावर साय धरली होती. आईने कप परत घेतला आणि दुसरा भरून आणला.

*

आप्पांनी खोका मांडीवर घेतला. मग मला म्हणाले, "पुसायचे नाहीत. फिरव."

"काय फिरवू?"

"नजर. देवाला कुठे जायचं नसतं, तो समोर बघतो. माणसाला गाडी पकडायची असते. त्याची नजर वळणावर पाहिजे. पांढऱ्यात काळा मधे आहे ना? त्या काळ्याला वळणाच्या बाजूला कोपऱ्यापर्यंत ने. पुसायचं काही नाही, वाढवायचं. पांढरं एकाच बाजूला उरलं की नजर फिरली."

"तुम्ही कधी केलंय असं?"

"मी कशाला करीन? गणपतीने बाजूला बघितलं तर लोक मूर्ती परत आणतील."

"मग एक करून दाखवा."

मी माझा तीन केसांचा कुंचला त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी तो घेतला. हमाल दशरथ डाव्या चिमटीत होता. आप्पांनी मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास सोडला, आणि थांबले. हात तसूभर हलत नव्हता. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सोडला.

"कुमे," ते हळू म्हणाले, मास्तरांकडे न बघता, "याला डोळे आहेत का गं खरंच?"

मला आधी कळलं नाही.

"मला नुसतं तोंड दिसतंय. मास्तर म्हणाले म्हणून मी म्हटलं, असतील."

मागच्या आषाढात सात मूर्ती पाण्यात गेल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी तीन. आप्पा म्हणाले होते, माती खराब आली. आम्ही माती बदलली होती. मी आईकडे बघितलं. आई चहाच्या कपांकडे बघत होती. तिला माहीत होतं.

मी आप्पांच्या हातातून कुंचला घेतला.

"आहेत," मी म्हटलं. "दोन आहेत."

मास्तर दाराकडे तोंड करून म्हणाले, "उजेड कमी आहे हो इथे." बाहेर चैत्रातली दुपार होती.

*

क्र. ६१. चहावाला केशव. गाडीकडे कधीच बघत नाही. गिऱ्हाइकांकडे बघतो.

*

नऊ दिवस मी मास्तरांच्या घरी बसून नजरा फिरवल्या. प्रत्येकाला त्याच्या जागी उभं करायचं, वळण कुठे येतं ते बघायचं, उचलायचं, काळा सरकवायचा, परत उभं करायचं. मास्तर समोर बसून यादी वाचायचे.

"बेचाळीस. पोस्टमन. याला घाई नाही. थोडीच फिरव."

"थोडीच म्हणजे?"

"टपालाची पिशवी उतरली की त्याचं काम सुरू होणार. कशाला बघेल तो हौसेने?"

"आणि ही?"

"अठ्ठेचाळीस. नवी नवरी, पहिल्यांदा माहेरी निघालीय. हिची पूर्ण फिरव. मान मोडेपर्यंत."

केशवची आम्ही फिरवली, पण उलट दिशेला, फेटेवाल्या गिऱ्हाइकाकडे. मेलची राहू दिली. कुत्रं कोणाकडेही बघू शकतं, यावर आमचं एकमत झालं. सोनकाईपाशी मास्तर थांबले.

"हिची?"

"वळणाकडे," ते म्हणाले. "ती चढत नव्हती, पण बघायची."

आप्पा रोज संध्याकाळी यायचे, खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी आकडा सांगायची. चौऱ्याऐंशी. सत्त्याण्णव. ते मान डोलवायचे. टेबलाजवळ येत नसत.

नवव्या दिवशी मास्तरांनी बटण दाबलं. डोंगरामागे घरघर सुरू झाली. फलाटभर लोक डावीकडे बघत होते, पोस्टमन थोडासा, नवरी मान मोडून, कुंभार मडकी सांभाळत. इंजिन वळणातून बाहेर आलं. मागे दोन डबे, त्यात खिडकीकडे पाठ केलेले माझे तीन फसलेले.

मास्तरांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. परत आले. पॅसेंजरांपैकी कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की क्र. ५८ ची छत्री हलली.

एकजण उरला होता. यादीतला पहिला, पण मी शेवटाला ठेवलेला. पांढरा कोट, हातात हिरवा बावटा. तो अजून समोर बघत होता.

"याची फिरवू ना?" मी कुंचला उचलला.

मास्तर गुडघे मोडून खाली बसले, हनुवटी टेबलाच्या कडेशी येईपर्यंत. दोघं समोरासमोर आले. गाडी फलाटाला लागली, थांबली, सुटली.

"नको," मास्तर म्हणाले. "याने बघू दे."

*

क्र. १. स्टेशन मास्तर.

(पुढे काही लिहिलेलं नाही.)

*

मास्तर आप्पांना काय म्हणाले, माझा हात स्थिर आहे असं म्हणाले की नाही, मला आजवर माहीत नाही. मी विचारलं नाही. आषाढ लागला. एका सकाळी मी पितांबराचा पिवळा कालवत होते, तेव्हा आप्पांनी हातभर उंचीची एक मूर्ती उचलून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःचा आखणीचा कुंचला शेजारी ठेवला. आईने हातातलं पातेलं अलगद खाली टेकवलं.

"मोठे डोळे आहेत," आप्पा म्हणाले. "तुला अवघड जाईल."

मी मनगट टेकवलं. श्वास सोडला. समोर बघणारे डोळे केले, मला पहिल्यापासून येत होते तेच. किती वेळ गेला आठवत नाही. मान वर केली तेव्हा आप्पा उभे होते.

ते मूर्तीसमोर आले. नेहमीसारखे डावीकडे झुकले. उजवीकडे झुकले. पुन्हा डावीकडे. मग तसेच थांबले.

"बघतोय का गं माझ्याकडे?"

हे सांगायला आप्पा उभे होते तिथूनच बघायला हवं होतं. मी उठले, त्यांच्या मागे गेले, टाचा उंचावून हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली. खांद्याला मातीचा वास होता.

"झुका," मी म्हटलं.

आम्ही दोघं मिळून डावीकडे झुकलो. मग उजवीकडे.

"हो आप्पा. तुमच्याकडेच."